गुलमंडीवर कोणता कॅमेरा न्यावा?

रिळाचा कॅमेरा पुन्हा तरुणांच्या खिशात आला आहे. रीळ विकत घेताना तोच खिसा हलका होतो, हा भाग वेगळा. रोजच्या वापराला कोणता कॅमेरा बरा, याचा निकाल छत्रपती संभाजीनगरच्या गर्दीच्या गुलमंडीवरच लावावा. प्रयोगशाळेत कॅमेऱ्याला रिक्षा घासून जात नाही.

१९६७चा ऑलिंपस ट्रिप ३५ सर्वांत बाणेदार. त्याला बॅटरी लागत नाही. मात्र उजेड कमी पडला की तो खिडकीत लाल झेंडी दाखवतो आणि फोटो काढायलाच नकार देतो. दिवेलागणीनंतर तो म्हणजे सरकारी खातेच.

१९७९चा ऑलिंपस एक्सए मुठीत मावतो, शटरचा आवाजही जेमतेम. फक्त दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस साधावा लागतो. त्या जुळेपर्यंत मागचा स्कूटरवाला आधी हॉर्न वाजवतो, मग तुमचे कूळ काढतो.

१९९७चा ऑलिंपस म्यू-टू फोकस आपला आपण करतो. फ्लॅश नको म्हणून कितीही बजावा, बंद करून उघडला की गडी सगळे विसरतो. मग सुपारी हनुमानासमोर डोळे मिटलेल्या भाविकावर वीज पडते.

काँटॅक्स टी-टूचे अंग टायटॅनियमचे आहे. किंमत ऐकणाऱ्याचे काळीजही तसलेच हवे.

आमचा निकाल साधा : घरातल्या कपाटात जुना याशिका एमएफ-टू सापडतो का पाहा. त्याचा फोकस कारखान्यातूनच ठरून आलेला, त्यामुळे वादाला जागा नाही. वाचलेल्या पैशांत रिळे घ्या.