कडूरमार्गे कॉफी

पुण्याहून चिकमगळूरला कॉफी आणायला रेल्वेने जायचं, तर उतरायचं स्टेशन कडूर. काकांनी पहाटे फलाटावरची पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. "सुरुवातच कडू." काकू पिशव्या मोजत म्हणाल्या, "आधी उतरा. साखर नंतर घालू."

या तीर्थयात्रेचं मूळ अमेरिकेतल्या भाच्यात होतं. कॉफी डब्यातली पिऊ नये, ताजी भाजलेली अख्खी बी आणावी आणि पाकिटावर भाजल्याची तारीख बघावी, असं त्याने फोनवर सांगितलं. झालं. काकांनी तिकिटंच काढली. काकूंचं माहेर अमरावतीचं. "कॉफीची झाडंच बघायची तर आमच्या चिखलदऱ्याला आहेत की," त्या म्हणाल्या. पण अख्खं कर्नाटक सोडून विदर्भात उतरायला काका तयार नव्हते.

कडूर ते चिकमगळूर चाळीसेक किलोमीटर. चिकमगळूर म्हणजे धाकट्या लेकीचं गाव. रुक्मांगद नावाच्या राजाने ते तिला आंदण दिलं, अशी कथा सांगतात. थोरलीचं हिरेमगळूर शेजारीच आहे. "आणि कॉफीचं नाव झालं ते धाकटीच्या गावाचं?" काकूंनी बसमध्ये विचारलं. "थोरली गप्प बसली?"

कॉफी मात्र राजाने आणली नाही. १६७० च्या सुमारास हजहून परतताना बाबा बुदान यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि इथल्या डोंगरात लावल्या, असं मानतात. डोंगराला त्यांचंच नाव मिळालं. बिया दाढीत लपवल्या की कमरेला बांधल्या, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. काकांनी आपली गुळगुळीत हनुवटी चाचपली आणि दोन किलोंसाठी कापडी पिशवी काढून ठेवली.

गावात पहिलीच पाटी दिसली ती 'पांडुरंग कॉफी'ची. काकूंचे हात आपोआप जोडले गेले. तिथे कॉफी पिऊन काका ताजेतवाने झाले, पण त्यांना भट्टीच डोळ्यांनी बघायची होती. शेवटी नाकाच्या भरवशावर ते एका गल्लीतल्या छोट्या दुकानात शिरले.

खरी अडचण तिथे सुरू झाली. कॉफी म्हणजे पूड, आणि पूड म्हणजे चिकोरी घातलेली, हे तिथल्या गिऱ्हाइकांचं ठरलेलं. चिकोरी कितीही आवडो, कायद्याने ती मिश्रणात ४९ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. मालकांनी विचारलं, "चिकोरि एष्टु?" काकांनी शून्याची खूण केली. मालकांना ती 'उत्तम' अशी वाटली आणि त्यांनी खुशीने चिकोरीचा डबा पुढे ओढला. मग "हुरिद बीज" हे शब्द कानावर आले, तेव्हा काकूंना या दिवसांत हुरडा कुठला, असा प्रश्न पडला. हुरिद म्हणजे भाजलेलं, हे कळायला मोडक्या हिंदीची मदत घ्यावी लागली.

"पीबी देऊ?" मालकांनी विचारलं.

"बीपी आहे," काका म्हणाले, "पण गोळी चालू आहे."

पीबी म्हणजे पीबेरी. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया सपाट बाजू एकमेकींना लावून बसतात. कधी एकच वाढते आणि जागा मोकळी मिळाल्यामुळे गोल होते. "एकुलती एक. लाडावलेली," काकूंनी निदान केलं आणि किलोभर अरेबिका पीबी भाजायला सांगितली.

हिरवट बिया ढोलात पडल्या. आधी ओल्या गवतासारखा वास आला. मग त्या पिवळ्या झाल्या आणि बेकरीच्या मागच्या दारासारखा वास सुटला. टरफलाचा पातळ कोंडा उडू लागला. दोनशे अंशांच्या आसपास तडतड सुरू झाली, थेट ज्वारीच्या लाह्यांसारखी. मालक कान देऊन उभे होते. एका क्षणी त्यांनी झडप उघडली. तांबूस तपकिरी बिया जाळीच्या ताटात कोसळल्या आणि वरचा दांडा त्यांना गरागरा फिरवू लागला. लवकर गार केल्या नाहीत, तर स्वतःच्याच उष्णतेने त्या आतून भाजत राहतात.

तराजूवर भरले साडेआठशे ग्रॅम. "दीडशे कुठे गेले?" काकांचा आवाज चढला. मालकांनी शांतपणे धुराड्याकडे बोट दाखवलं. उडालं होतं ते मुख्यतः बीमधलं पाणी.

"पुडि माडला?" मालकांनी दळणाच्या यंत्राकडे हात करून विचारलं.

काकांनी पिशवी छातीशी धरली. "बेड! बेड!" एवढं कानडी ते बसमध्ये शिकले होते. दळली की वास तासाभरात निघून जातो, हे भाच्याचं वाक्य त्यांनी काकूंना पुन्हा ऐकवलं. मालकांनी आणखी एक धक्का दिला. ही कॉफी आज प्यायची नाही. भाजलेल्या बीतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत असतो, म्हणून चार-पाच दिवस थांबायचं. एवढ्या लांब येऊन मिळवलेली ताजी कॉफी शिळी करून प्यायची, हे काकांना पचेना. परतीच्या गाडीत बियांचं बंद पाकीट पुरीसारखं टम्म फुगलं, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

पाचव्या दिवशी सकाळी पुण्यात पाकीट समारंभपूर्वक उघडण्यात आलं. घरभर वास दरवळला. मग लक्षात आलं की घरात कॉफी दळायचं यंत्र नाही. मिक्सरच्या एकुलत्या एका छोट्या भांड्यात काकूंनी आदल्याच दिवशी लसणीची चटणी वाटली होती, आणि तीन वेळा घासूनही भांडं तिचा वास सोडायला तयार नव्हतं.

काका पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या गिरणीत गेले. गिरणीवाल्याने आत डोकावून पाहिलं, चार बिया तळहातावर घेतल्या, त्यांचा वास घेतला आणि विचारलं, "काका, हे कशावर दळू? गव्हावर की ज्वारीवर?"