तळघराचे बावीस पॉइंट

वसमतला घर बांधताना खाली तळघर काढायचं, हा माझा हट्ट. मे महिन्यात आमच्याकडे पंख्याखाली बसलेला माणूसही खरपूस भाजतो. जुन्या लोकांनी जमिनीच्या पोटात धान्याची पेवं काढली, मी स्वतःला ठेवणार होतो. गरजा तीनच: बल्ब, पंखा आणि मोबाइलचा प्लग.

वायरमनने खडूने भिंतीवर तीन चौकोन काढले आणि तेवढ्यात घरातली बाकीची माणसं खाली उतरली.

मुलाला तिथं थिएटर दिसलं. हिला शिलाई मशीन आणि इस्त्री दिसली. आई जपाला जागा शोधत म्हणाली, "औंढ्याच्या नागनाथाला जाऊन ये. अंग चोरून खाली उतरावं लागतं, पण उतरल्यावर प्लग कुठाय म्हणून कुणी विचारत नाही." एवढं सुनावून तिने आसनासमोर एक फॅन पॉइंट मागून घेतला.

वायरमन प्रत्येकाला एकच सांगायचा. "सर, भिंत आता फुटायलीच हाय. नंतर म्हणाल तर पुन्हा झिरी मारावी लागंल." त्याची मजुरी पॉइंटवर होती, हे मला अकराव्या पॉइंटला आठवलं. दिव्यांना दीडची वायर, प्लगला अडीचची, एसीला चारची. एसी कुणी मागितला होता, याचा तपास अजून चालू आहे.

एका बाबतीत मात्र मी त्याला मानतो. खाली ओल येणार, म्हणून त्याने बोर्ड चार फुटांवर घेतले, एक्झॉस्ट पाडला आणि आरसीसीबी बसवायला लावला. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपियरचा फरक पडला की तो लाईन तोडतो. मला हे पटकन समजलं, कारण भाजी आणून उरलेले पैसे आईच्या हातावर ठेवण्याचा मला चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

मग अर्थिंग. अंगणात खोल खड्डा, त्यात पाइप, भोवती थरावर थर कोळसा आणि मीठ. आई दारात थबकली. "मीठ, कोळसा... कुणाची नजर उतरवायलात?" वायरमन गंभीरपणे म्हणाला, "घराची, आजी." तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. मीठ-कोळशाने ओल टिकते आणि फुटलेला करंट माणसाऐवजी जमिनीत जातो. उन्हाळ्यात आमची काळी माती भेगाळते, म्हणून खड्ड्यात पाणीही ओतायचं. आई ते तुळशीनंतर, न चुकता ओतते.

बावीस पॉइंट झाले. तिकडे औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची प्रयोगशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर कृष्णविवरं धडकली की त्याची थरथर तिथं कळणार. आमच्याकडे कोणत्या बटणावर कोणता दिवा लागतो, हे कळायला आठवडा गेला. जिन्याचा टू-वे तर अजून वश नाही. मी खालून लावतो, ही वरून बंद करते, आणि मी अंधारात अर्ध्या पायरीवर उभा राहून संसाराचा विचार करतो.

एप्रिलमध्ये गावाकडून दादांचा टेम्पो आला. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळाल्यापासून दादा हळद पडत्या भावात विकणं हा तिचा अपमान समजतात. "भाव येईपर्यंत राहू दे तुझ्या तळघरात," म्हणाले. मोठ्या भावाला नाही कोण म्हणणार? साठ कट्टे उतरले. थप्पी चार फुटांच्या वर गेली, बोर्ड मागे गेले, थिएटर गेलं, इस्त्री गेली. आईने आसन उचलून पुन्हा देवघरात नेलं. एक्झॉस्ट तेवढा उघडा आहे, पण त्याचं बटण सतराव्या कट्ट्यामागे आहे.

मी सध्या वरच, पंख्याखाली भाजतो आहे. कुणाला घरची हळद हवी असेल तर जरूर या. फक्त येताना टॉर्च आणा.