चाल तयार आहे

जुन्नर-आंबेगावात कुठल्याही वळणावर अचानक भेटणारे दोन जीव : उसात बिबट्या आणि मांडवात चालवाले मास्तर. मास्तरांनी शाळेत कधी शिकवलेलं नाही. पेटी वाजवतात म्हणून मास्तर. कुठलंही गाणं मूळ शब्दांत ऐकणं त्यांना जमत नाही. पडद्यावर नायिका विरहाने तळमळत असते, तेव्हा यांच्या डोक्यात तिच्या जागी टोमॅटोचा क्रेट येऊन बसलेला असतो. नारायणगावच्या बाजारात भाव पडला की रडगाणं, चढला की लावणी. तीच चाल संध्याकाळी हळदीला नवरदेवाच्या मामाची टिंगल करते आणि रात्री भजनात विठ्ठलाच्या पायाशी लोळण घेते.

अर्थाचं त्यांना फारसं सोयरसुतक नाही, मात्रांचं मात्र भलतंच. सातगाव पठारावरच्या एका बागायतदाराने त्यांचं कांद्याचं गाणं बटाट्यावर बसवून मागितलं. मास्तर रात्रभर बोटं मोडत बसले. कांदा चार मात्रांचा, बटाटा पाच. शेवटी म्हणाले, “आलू करू या?” बागायतदार उखडला, “आम्ही काय इंदूरहून आलोय?” व्यवहार मोडला, पण मात्रा मोडली नाही.

याला घराणं आहे, बरं का. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रावाले सुपारी द्यायला येतात. गण-गवळण आटोपली की रंगबाजीत सिनेमाची गाणी एकामागून एक सुटतात. मास्तरांचं सगळं शिक्षण तिथलं, मातीत मांडी घालून.

त्यांच्या हिंजवडीतल्या पुतण्याने एकदा मोबाइलवर अमेरिकेतला विअर्ड अल यान्कोविक दाखवला. गळ्यात अकॉर्डियन. १९८४च्या ‘इन थ्री-डी’ या अल्बमात या गृहस्थाने मायकेल जॅक्सनच्या ‘बीट इट’चं खादाड ‘ईट इट’ केलं आणि गाजलेल्या गाण्यांचे तुकडे जोडून ते पोल्काच्या ठेक्यावर एका दमात पळवले. मास्तरांनी आधी वाद्य पाहिलं. “पेटीच आहे. उभी करून गळ्यात अडकवलीय.” खोटं नाही, भाता आणि धातूच्या पट्ट्या, दोन्हींचं पोट सारखंच. मग ठेका ऐकला. “हा तर आपल्या बँडवाल्यांचा. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला की लावतात तो.”

एक गोष्ट मात्र त्यांना पचेना. हा माणूस मूळ गायकाला विचारून मगच गाणं करतो. प्रिन्सने नकार दिला, तर त्याची गाणी केलीच नाहीत.

“विचारायचं कशाला?”

“सभ्यता म्हणून, काका.”

“अन् तोवर मतदान होऊन गेलं तर?”

कारण निवडणूक ही मास्तरांची सुगी. गेल्या ग्रामपंचायतीला दोन्ही पॅनेलनी एकच गाजलेली चाल मागितली. मास्तरांनी दोघांनाही दिली, पैसेही दोघांकडून घेतले. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दोन्ही रिक्षा एसटी स्टँडपुढे समोरासमोर आल्या. कपबशीवाल्यांचे शब्द शिट्टीवाल्यांच्या ओळीत घुसले, शिट्टीची शिवी कपबशीच्या विकासकामांवर जाऊन बसली, आणि कुणाला मत द्यायचं ते सोडून पोरं मधोमध नाचायला लागली. दोन्हीकडचे कार्यकर्ते बाह्या सरसावून मास्तरांच्या ओट्यावर धडकले. मास्तर डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसले होते.

“भांडता काय? दोन्ही एकदम समेवर आल्या, ऐकलं न्हाई का?”