भूजलावर परिणाम : नगण्य

आमच्या टेकडीच्या पायथ्याला दीड लाख चौरस मीटर बांधकामाची टाऊनशिप येऊ घातली आहे. नाव 'लेक व्ह्यू'. लेक अजून नाही. तळघराचा खड्डा खणला की दिसेल.

तिच्या पर्यावरण अहवालातलं भूजलाचं प्रकरण वाचलं. परिणाम : नगण्य. आमच्या गावचे पाणाडे आबा हातावर आडवा नारळ घेऊन, तो उभा राहील तिथे पाणी म्हणत, अख्खं रान अनवाणी तुडवतात, आणि बोअर कोरडी गेली की चार महिने पाराकडे फिरकत नाहीत. अहवालवाल्या तज्ज्ञांना ही लाज ठेवलेली नाही. त्यांना नेमतो बिल्डर आणि पैसेही देतो तोच; नियमच तसा आहे. (दहावीला ही सोय असती तर आमचा बंडू बोर्डात आला असता.)

पाण्याचा नमुना पौषात घेतला, सरपंचांच्या विहिरीतून. पावसाळा सोडून एका हंगामाची आकडेवारी चालते म्हणे. जमिनीत पाणी मुरतं ते नेमके तेच महिने वगळायचे, म्हणजे नवरी सोडून बाकी वऱ्हाड बघायचं आणि स्थळ पसंत करायचं. नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या आत, क्षार 500 च्या आत, पाणी उत्तम! अहो, उत्तम आहे म्हणून तर पितो. विचारलं होतं उद्याचं.

असो, पाणी निदान आमचंच तपासलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर उतरला होता, आणि कोकणात स्प्रूस अन् बर्चची रानं माजली होती.

आता हिशेब. हजार फ्लॅट, घरटी पाच माणसं, माणशी 135 लिटर. रोजचे पावणेसात लाख लिटर. दहा हजारी टँकर धरले तर 67 आणि वर अर्धा. अहवालात पाण्याचा स्रोत लिहिलाय 'टँकर'. जणू टँकरलाच पान्हा फुटतो! तो भरणार आमच्याच शिवारातल्या विहिरींवर.

शेजारच्या स्कीमच्या वेळी बघितलंय. पाणी मुरमात मुरतं, खालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून विहिरीला लागतं. त्या मुरमातच दोन मजली पार्किंग खोदलं. खड्ड्यात झरे फुटले, तर पंप लावून रात्रंदिवस पाणी नाल्यात सोडलं. मग स्लॅबवर मारायला पाणी नाही म्हणून टँकर मागवले. विहिरी आटल्या तेव्हा गेटपाशी एक शोषखड्डा खणून त्यावर 'जल है तो कल है'ची पाटी लावली. पाटी हिंदीत, कारण आटलेल्या विहिरींचे मालक मराठी.

आबा कचेरीत विचारायला गेले, "सायेब, सुनावणी कवा?"

"आबा, घरबांधणीच्या प्रकल्पांना जनसुनावणी नसते. उन्हाचे आलात, पाणी घ्या."

शिपायाने सीलबंद बाटली पुढे केली. आबांनी ती तळहातावर आडवी ठेवली, डोळे मिटले आणि कचेरीभर एक फेरी मारली. बाटली कुठेच उभी राहिली नाही.