पदवीचा रकाना

रुग्णालय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज समोर ठेवून परवा ओळखीच्या एक सिस्टर माझ्याकडे बसल्या होत्या. वय ३७. नोकरी १५ वर्षं, त्यातली आठ अतिदक्षता विभागात. सगळे रकाने भरून झाले होते, एक सोडून: पदवी. बारावीनंतर साडेतीन वर्षं नर्सिंगचं जीएनएम केलं, परिचर्या परिषदेची नोंदणी आहे, शेकडो रात्रपाळ्या झाल्या. पण जीएनएम ही पदविका, पदवी नाही. त्यामुळे अर्ज बाद.

त्यांच्यासोबत त्यांचा भाचा आला होता. गेल्या वर्षी बी.कॉम. झाला. त्याने अर्ज केला तर चालतो, कारण बहुतेक ठिकाणी या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची पदवी पुरते. त्या पोराचा यात काही दोष नाही, त्याने शिकावं आणि मोठं व्हावं. पण बारावीनंतर तीन वर्षं शिकलेला मुलगा रुग्णालय चालवायला शिकू शकतो आणि साडेतीन वर्षं शिकून १५ वर्षं रुग्णालयातच उभी असलेली बाई शिकू शकत नाही, हा नियम ज्यांनी केला त्यांनी एकदा तिच्यासमोर बसून तो समजावून सांगावा. मला तो समजला नाही.

मार्ग आहे, असं सांगतात. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करा. दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. खासगी रुग्णालयातल्या नर्सने दोन वर्षं पगार सोडून घर कसं चालवायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून सिस्टरांनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलंय. विषय इतिहास. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं ते विद्यापीठ १९८९ पासून अशा किती जणींच्या मागे उभं राहिलं असेल! त्याचे उपकारच मानायला हवेत. तरीही रुग्णालय चालवायचं म्हणून आधी तीन वर्षं मराठ्यांच्या लढाया पाठ करायच्या, ही वेळ तिच्यावर का यावी?

‘हे सगळं कशासाठी?’ मी विचारलं.

‘सर, माझ्या वॉर्डात रोज जे अडतं, त्याचा निर्णय दुसऱ्या मजल्यावर होतो. तिथे बसणाऱ्याला वॉर्ड माहीत नसतो. मला तिथे बसायचंय.’

यात महत्त्वाकांक्षा आहेच, आणि ती असावी. पण बाईंना काय काय ठाऊक आहे तेही बघा. डॉक्टर सकाळी दहाला ‘आज घरी जा’ म्हणतात आणि पेशंट बाहेर पडतो दुपारी चारला. नातेवाईक चिडतात ते सिस्टरवर. मधले सहा तास कुठे जातात ते फक्त तिला माहीत असतं. डिस्चार्ज समरीवर सही राहिलेली असते, उरलेली औषधं फार्मसीत परत गेलेली नसतात, विमा कंपनीची मंजुरी आलेली नसते, आणि मावशींना एकाच वेळी तीन वॉर्डांनी बोलावलेलं असतं. व्यवस्थापनाच्या वर्गात यावर तक्ते काढायला शिकवतात. तिने तो तक्ता रोज पायांनी काढलेला असतो.

त्याच वर्गात औषधसाठ्याची एक पद्धत शिकवतात. एकदा वस्तू किमतीप्रमाणे लावायच्या, एकदा गरजेप्रमाणे: जिवासाठी अत्यावश्यक, आवश्यक, असली तर बरी. पहिल्या यादीत अ‍ॅड्रेनलिनची अम्प्यूल तळाशी जाते, कारण ती स्वस्त. दुसरीत ती सगळ्यात वर. अतिदक्षता विभागातली सिस्टर ड्युटी बदलताना ओव्हर घेते तेव्हा तातडीच्या औषधांची क्रॅश कार्ट उघडून तीच अम्प्यूल मोजते. पुस्तकातली ही दोन पानं तिच्या हाताला आधीच पाठ आहेत. तिला शिकायचं आहे ते पुढचं: अंदाजपत्रक कसं मांडतात, खरेदीचा करार कसा वाचतात, मनुष्यबळाची मागणी आकड्यांत कशी पटवून देतात. म्हणजे ‘अतिदक्षतेत एका खाटेला एक नर्स हवी’ हे ती बोलेल तेव्हा ते गाऱ्हाणं म्हणून सोडून देता येणार नाही, त्याला प्रस्ताव म्हणून उत्तर द्यावं लागेल.

सरकारी रुग्णालयातही शिडी आखूडच आहे. अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका. तिथे छत लागतं. त्यापुढच्या अधीक्षकाच्या, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या, अधिष्ठात्याच्या खुर्च्या डॉक्टरांच्या. अधिकार या छतापाशी थांबतो. जबाबदारी मात्र छत भेदून थेट खाली येते.

भंडाऱ्याची आग आठवते? ९ जानेवारी २०२१. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात दहा बाळं गेली. कारवाई झाली तेव्हा वरिष्ठांबरोबर कंत्राटी परिचारिकांच्याही सेवा संपवल्या गेल्या. कोणाची काय चूक होती यावर मी इथे निवाडा देत नाही. पण त्या कक्षाची वायरिंग तपासायची की नाही, अग्निशमन यंत्रणा बसवायची की नाही, रात्री किती माणसं ठेवायची, यातला कोणता निर्णय कंत्राटी परिचारिकेच्या हातात होता? निर्णयाच्या बैठकीला तिला खुर्ची नाही आणि चौकशीच्या वेळी तिचं नाव आहे, हे मला सहन होत नाही.

‘सगळ्या नर्सेस ऑफिसात गेल्या तर पेशंटजवळ कोण राहणार?’ असंही विचारलं जातं. अधीक्षक झालेल्या डॉक्टरला हा प्रश्न कोणी विचारलेला मी ऐकला नाही. आणि नर्सेस पेशंटपासून दूर जातात त्या शिकल्यामुळे नव्हे. अपुरा पगार, लागोपाठच्या रात्रपाळ्या आणि कुणी ऐकून घेत नाही, यामुळे जातात. मुंबई-पुण्यातून आखातात, आयर्लंडला, इंग्लंडला जातात. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्यातलीच एक बसलेली असेल, तर थांबणाऱ्या वाढतील असं मला वाटतं.

दर १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार घालून सिस्टरांना गुलाब वाटतात. त्या बाईने क्रिमियाच्या युद्धातल्या मृत्यूंचे आकडे मांडून, आकृत्या काढून, लष्कराला दाखवून दिलं होतं की सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मरतात. पुढे १८५९ मध्ये रुग्णालयाची इमारत आणि कारभार कसा असावा यावर पुस्तक लिहिलं. रुग्णालय प्रशासन म्हणतात ते हेच. गुलाब पुरे झाले. जीएनएम आणि ठरावीक वर्षांचा अनुभव ही पात्रता त्या अर्जावर छापा. परीक्षेच्या आठवड्यात हक्काची अभ्यासरजा द्या. शिकून परत आली की तिला पुन्हा त्याच टेबलाशी बसवू नका.

सिस्टरांचा इतिहासाचा पेपर पुढच्या महिन्यात सोमवारी सकाळी दहाला आहे. रविवारी त्यांना रात्रपाळी लागली आहे. अदलाबदली करायला कोणी तयार होतंय का, ते त्या विचारत फिरताहेत.