सेतू झाला, प्रिंटर जोडा

१२ जानेवारी २०२४ला शिवडी आणि न्हावा-शेवा जोडणाऱ्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी उरणच्या लोकललाही हिरवा झेंडा मिळाला. जोडायचं उरलं एवढंच: उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या गोदामात कमरेला लटकवलेला लेबल प्रिंटर आणि हातातला मोबाइल. अंतर दीड हात.

ब्लूटूथ लावावं, तर यादीत एकाच नावाचे डझनभर प्रिंटर. आपला समजून जोडावा, तर लेबलं पलीकडच्या रांगेत बाहेर पडतात. सुरक्षा मात्र कडेकोट: पिन, चार शून्यं!

वायफाय म्हणावं, तर असे बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात आणि साहेबांनी वेग हवा म्हणून राउटर ५ गिगाहर्ट्झवरच ठेवलेला. वर लोखंडी कंटेनरची थप्पी मध्ये आली की रेडिओलहरी तिथेच अडतात. त्यांना कस्टम क्लिअरन्स मिळत नाही. शेवटी 'प्रिंटर रीस्टार्ट करा' हा सल्ला येतो, तोही व्हॉट्सॲपवर.

मग हमाल खिशातून मार्कर काढतो आणि खोक्यावर नंबर लिहितो. पेअरिंग नाही, चार्जिंग नाही. महिनाअखेरच्या अहवालात याची नोंद होते: लेबलखर्चात लक्षणीय बचत.