ह.भ.प.चं काय करायचं?

आमच्या वेल्ह्याच्या गुरुजींचं म्हणणं एवढंच होतं की तोरण्यावरचा लेख त्यांनी लिहिलाय, तर गूगलवर तो दिसताना शेजारी त्यांचं नाव आणि फेटा बांधलेला फोटो का दिसू नये? लेख दिसतो, किल्ला दिसतो, लिहिणारा गायब. नुसतं त्यांचं नाव टाकून शोधावं, तर एक जेसीबीवाले, एक माजी उपसरपंच आणि कुठल्याशा भरतीच्या यादीतला उमेदवार असे तीन नामबंधू निघत. गुरुजी नाहीतच. त्यांची साइट मी सांभाळतो, त्यामुळे चेलाडी फाट्यावर गाठ पडली की हाच विषय.

फोटोची मागणी अगदीच हवेतली नव्हती. 2011 साली गूगलने खरोखर तशी सोय काढली होती. लेखाला लेखकाच्या गूगल प्लसवरच्या पानाचा दुवा जोडायचा, त्या पानावरून उलटा दुवा द्यायचा, की शोधाच्या निकालात लेखकाचा मुखडा झळकायचा. जून 2014मध्ये ते मुखडे काढले, ऑगस्टमध्ये सगळी योजनाच गुंडाळली आणि 2019मध्ये लोकांसाठीचं गूगल प्लसही बंद पडलं. सोय सुरू झाल्याची बातमी गुरुजींना पुतण्याने दिली होती. बंद झाल्याची द्यायला तो पुण्याहून आलाच नाही.

आता उरलाय तो पानामागे लपवलेला मजकूर. वाचकाला तो दिसत नाही, यंत्राला दिसतो. त्यातले रकाने स्कीमा डॉट ऑर्ग या नावाने गूगल, बिंग आणि याहूने 2011मध्येच एकत्र येऊन ठरवले. गुरुजींनी ते स्वतः भरून मला व्हॉट्सॲपवर धाडले. लेखकाच्या नावाच्या रकान्यात होतं : ‘लेखक : ह.भ.प. आदर्श शिक्षक निवृत्त मुख्याध्यापक श्री.’ आणि या सगळ्यानंतर, एकदाचं, नाव.

गूगलचं सांगणं असं की नावाच्या जागी फक्त नाव लिहा. उपाधी नको, हुद्दा नको, ‘लेखक’ हा शब्दसुद्धा नको.

“नुसतं नाव?” गुरुजी म्हणाले. “तसं हजेरीपटात लिहितात. नाहीतर समन्सवर.”

उपाधीला वेगळा रकाना आहे, पुरस्काराला वेगळा, हुद्द्याला वेगळा, असं सांगितल्यावर ते जरा निवळले. पण हा नियम काही आपल्याकडे बघून केलेला नाही, हे मलाही मान्य आहे. हेच यंत्र एकनाथांच्या अभंगावर सोडा. शेवटी ‘एका जनार्दनी’ दिसलं की ते बिनदिक्कत दोन लेखक नोंदवणार आणि जनार्दनस्वामींना मानधनाचा निम्मा वाटा लावून मोकळं होणार.

पुढची अडचण प्रकाराची. लेखक ‘व्यक्ती’ आहे की ‘संस्था’, हेही यंत्राला सांगावं लागतं. गुरुजींनी ‘संस्था’ भरलं होतं. निरोप समारंभात प्रमुख पाहुण्यांनी “गुरुजी ही व्यक्ती नसून संस्था आहे” असं जाहीर केलं होतं, आणि ते पेपरातही छापून आलं होतं. कात्रण पुरावा म्हणून सोबत जोडलेलं.

‘सेम ॲज’ हा रकाना मात्र शिकवावा लागला नाही. हाच माणूस आणखी कुठे कुठे सापडतो, ते तिथे लिहायचं. ज्या तालुक्यात तोरणा म्हणजेच प्रचंडगड, मुरुंबदेवाचा डोंगर म्हणजेच राजगड, आणि आता वेल्हे तालुका म्हणजेही राजगडच, तिथल्या माणसाला एका वस्तूची दोन नावं नवी नाहीत आणि एका नावाच्या दोन वस्तूही नाहीत.

तरी मजकूर तपासायच्या पानावर लाल अक्षरं आलीच! शोधलं तर मोबाइलने सरळ अवतरणचिन्हांची बाकदार करून टाकली होती, ती यंत्राला चालत नाहीत. शिवाय शेवटच्या नोंदीपुढे एक स्वल्पविराम जास्तीचा. तेवढ्यावरून अख्खा मजकूर नापास. आता गुरुजी भडकणार म्हणून मी फोन कानापासून लांब धरला. पलीकडून आवाज आला तो अगदी प्रसन्न :

“कोण तपासतो रे हे? शिस्तीचा दिसतो.”

दुरुस्त्या झाल्या, हिरवी खूण आली. मग आता दिसणार ना? तर तसं नाही. हिरवी खूण म्हणजे मजकूर बरोबर आहे, एवढंच. दाखवायचं की नाही ते गूगल ठरवणार, आणि हमी ते देत नाही.

“म्हणजे घरकुलाची पात्र यादी,” गुरुजी म्हणाले आणि स्वतःच पुढचे रकाने वाचायला बसले. त्यात त्यांना ओळखीच्या माणसांचा रकाना सापडला. बातमी दुपारपर्यंत एसटी स्टँडवर पोहोचली असावी, कारण संध्याकाळी पंचायत समितीच्या एका इच्छुकाचा फोन आला : “गुरुजी, आपलंही नाव टाका की ओळखीत.”

ही ओळख दोन्ही बाजूंनी धरली जाते, एवढं मी बजावून ठेवलं.

“मग सांग त्याला,” गुरुजी म्हणाले, “ओळख आहे ना, तर वाचनालयातून नेलेली दोन पुस्तकं आधी आणून दे.”